‘कासव’ : दोन प्रकारचं मौन



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून सिनेमावर बोलायचं, आणि तेही साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरानं, हे काही जणांना खटकेल. पण दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, आणि तिथेच प्लेगनं त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांनी हे दुःख इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर सोसलं. तेव्हा सिनेमा आणि मोडलेली माणसं हे दोन्ही विषय बडोद्याला परके नाहीत. हे भाषण पुढे पुस्तिकेत छापलं जाणार आहे असं मला सांगितलंय. म्हणून समोर बसलेल्या तुमच्याशी बोलतो आहे तसंच घरी चष्मा लावून एकट्यानं वाचणाऱ्या तुमच्याशीही बोलतो आहे. खरं सांगायचं तर जास्त त्या दुसऱ्यांशीच. या विषयावर लोक चारचौघांत मान हलवतात आणि एकट्यानं विचार करतात.

एका तारखेपासून सुरुवात करतो. ७ एप्रिल २०१७. त्या दिवशी चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि मग ‘कासव’. त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्याचं ११५ वं कलम असं सांगतं, की ज्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं, त्याच्यावर खटला भरू नये, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी समजावी. तोवर दंडसंहितेच्या ३०९ कलमाखाली मरता मरता वाचलेल्या माणसाला वर्षभराची कैद होऊ शकत होती! आणि तिसरं म्हणजे, ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वर्षी विषय घेतला होता नैराश्याचा, आणि घोषवाक्याचा अर्थ होता, ‘चला, बोलू या’.

हे तिघांनी ठरवून केलेलं नव्हतं. पण मला त्यात गंमत वाटते ती वेगळीच. जग म्हणतंय बोला, कायदा म्हणतोय बोलायला भिऊ नका, आणि ज्या सिनेमाला त्या दिवशी मान मिळाला त्यातली बाई मात्र काहीच विचारत नाही.

गोष्ट थोडकी आहे. मानव नावाचा तरुण मनगटाची शीर कापून घेतो, वाचतो आणि रुग्णालयातून निघून जातो. तापानं फणफणलेला, कुठं चाललोय याचं भान नसलेला असा तो जानकीच्या दृष्टीस पडतो. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली, अमेरिकेतला संसार मोडून परत आलेली. ती देवगडच्या किनाऱ्याकडे निघालेली असते, कारण तिथं दत्ताभाऊ समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम करतात आणि तिला त्यात मदत करायची आहे. ती या मुलाला गाडीत घालून बरोबर नेते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांची ही कामं तुम्ही जरूर पाहावीत. दत्ताभाऊ झाले आहेत डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि या सिनेमाचे निर्मातेही. गाडी चालवणारा यदू म्हणजे किशोर कदम. आणि परशू नावाचा एक पोरगा, ज्याला आईबाप नाहीत पण ज्याच्याइतका हसरा माणूस सगळ्या गोष्टीत दुसरा नाही.

या मुलाचं नाव काय, गाव कुठलं, घरी कोण, हातावर पट्टी कशाची, यातलं काहीही जानकी विचारत नाही. ती त्याला हाक मारायला तात्पुरतं एक नाव देते. खोली देते, जेवण देते. तो जेवत नाही तेव्हा ताट झाकून ठेवते. तो ओरडतो तेव्हा ऐकून घेते. बस, एवढंच. पाहताना आपल्यातला कर्ता माणूस अस्वस्थ होतो. अहो, विचारा ना त्याला! आईवडिलांना कळवा! मीही पहिल्यांदा पाहताना खुर्चीत चुळबुळत होतो. धंद्याची सवय.

धंदा म्हटला म्हणून सांगतो. होमिओपॅथ हा प्रश्न विचारण्यासाठी बदनाम आहे. तहान किती लागते, झोप कुठल्या कुशीवर लागते, स्वप्नं कसली पडतात, रागावल्यावर रडता की भांडी आपटता. आमच्याकडे खोकल्याला आलेला माणूस अर्ध्या तासानं बाहेर पडतो तो आपण खोकल्यासाठी आलो होतो हे विसरून. पण हानेमान यांच्या ‘ऑर्गेनॉन’चं ८४ वं सूत्र वेगळंच सांगतं. रुग्ण बोलत असताना वैद्यानं गप्प राहावं, मध्ये तोडू नये, तो आपणहून थांबेपर्यंत थांबावं. पुढे ८७ व्या सूत्रात ते म्हणतात, की ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं येईल असा प्रश्न टाकूच नये, कारण रुग्ण तुम्हाला खूश करायला खोटं बोलतो. परीक्षेपुरतं आम्ही हे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळायला पुढची बरीच वर्षं लागतात, आणि जानकीसारखं पात्र पाहिलं की तो पुन्हा ताजा होतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग आमच्या घरांत आम्ही तेच करत होतो की! गप्पच तर होतो.

इथंच मला थांबायचं आहे. आपण या शहरात गायकवाडांबरोबर आलेली माणसं. कुणी दप्तरात, कुणी पागेत, कुणी शाळेत, आणि आमच्यासारखी जैन घरं दुकानदारीत. पाच-सहा पिढ्या झाल्या. आपल्या वाड्यांनी भाषा जपली, पंगती जपल्या, गणपती जपले, आणि एक गोष्ट फार निगुतीनं जपली. घरातल्या दुखऱ्या माणसाविषयीचं मौन. ‘धाकट्याला जरा बरं नसतं.’ ‘ताईचा स्वभावच एकलकोंडा आहे.’ ‘भाऊंना माणसांचा कंटाळा.’ वरच्या मजल्यावरच्या खोलीत जेवणाचं ताट पोचायचं आणि रिकामं परत यायचं, आणि खाली पाहुण्यांना चहा चालू असायचा. कारण? घरात लग्नाच्या मुली आहेत. पत्रिका जुळते, पण वरची खोली जुळत नाही. आपण थट्टेत किती सहज म्हणतो, याला येरवड्याला पाठवा, त्याला ठाण्याला पाठवा. ती गावांची नावं नव्हेत, ती भीतीची नावं आहेत. आपल्या कारेलीबागेतही मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना तिथं जा म्हटलं की ते आधी विचारतात, रिक्षा जरा अलीकडे सोडली तर चालेल ना?

म्हणजे मौन दोन प्रकारचं असतं. एक लपवण्याचं आणि एक सोबतीचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. लपवण्याच्या मौनात सगळे त्या माणसाभोवती असतात पण त्याच्याजवळ कुणी नसतं. सोबतीच्या मौनात कुणीतरी एक जण जवळ असतो आणि त्याला उत्तराची घाई नसते. ‘चला, बोलू या’ हे वाक्य पहिल्या मौनाच्या विरुद्ध आहे, दुसऱ्याच्या नाही. भावे-सुकथनकरांनी ही दुसरी गोष्ट पडद्यावर दाखवली, आणि मराठीत तरी इतक्या नीटपणे ती मी आधी पाहिली नव्हती.

पहिल्या मौनाशीही त्यांनी आधीच झुंज घेतली होती. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या विद्यार्थिनी. १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट त्यांनी केला तो झोपडपट्टीतल्या एका बाईचं जगणं लोकांपर्यंत पोचावं म्हणून. २००४ च्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया झालेला शेष उभा केला. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, कॅनडात कॅलगरीला स्थायिक झालेले, मूळ धुळ्याकडचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. त्यावर बोलले, लिहिलं, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि हा सिनेमा व्हावा म्हणून पैसा उभा केला. परदेशी गेलेल्या मराठी माणसाबद्दल आपण बंगल्याचं आणि गाडीचं कौतुक करतो. हे कौतुक त्याहून मोठं आहे.

सोबतीचं मौन जमायला जागा लागते, आणि बसायची पद्धतही लागते. हे मला एका जपानी सिनेमानं शिकवलं. र्‍युसुके हामागुची यांचा ‘ड्राइव्ह माय कार’. हारुकी मुराकामींच्या कथेवरचा, जवळजवळ तीन तासांचा, फार उदास. त्याला २०२२ साली ऑस्करही मिळालं. बायको अचानक गेलेला एक नाट्यदिग्दर्शक हिरोशिमाला नाटक बसवायला जातो, आणि त्याची लाल साब गाडी चालवायला एक तरुण मुलगी नेमली जाते. तीही आतून ढासळलेली आहे. दोघं रोज गाडीत असतात, पण बराच काळ त्यांच्यात फारसं बोलणं होत नाही. आणि जेव्हा होतं तेव्हा त्यामागे या सगळ्या गप्प फेऱ्या असतात. मला त्यात एक साधी गोष्ट दिसली. गाडीत माणसं एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहतात. समोरासमोर बसलं की ती चौकशी होते; दोघांनी एकाच दिशेला पाहिलं की ती सोबत होते.

आणि आपल्याला त्यासाठी जपानला जायची गरज आहे का? बडोद्यात येऊन आपण गुजराथ्यांकडून जे जे घेतलं त्यात सर्वांत शहाणपणाची वस्तू कोणती असेल तर हिंचको. झोपाळा. जुन्या घरांत सोप्यावर पितळी कड्यांचा रुंद झोपाळा असायचा. जेवणानंतर काका आणि पुतण्या त्यावर शेजारी शेजारी बसायचे. दोघांचीही नजर समोर. पायानं हलकासा झोका. कड्यांचा आवाज चालू असल्यामुळे गप्प राहणं अवघड वाटायचं नाही, आणि बोलायचं झालं तर डोळ्याला डोळा द्यावा लागायचा नाही. परीक्षेत नापास झालेली, कर्ज करून बसलेली, नको तिथं मन गुंतवून बसलेली मुलं जे काही बोलली असतील ते त्या झोपाळ्यावर. मग फ्लॅट आले, छताला हूक ठोकायला बिल्डर परवानगी देईना, आणि आपण दिवाणखान्यात समोरासमोर सोफे मांडले. मुलाखतीसारखे. माझ्या दवाखान्यात मी रुग्णाची खुर्ची टेबलासमोरून काढून टेबलाच्या बाजूला ठेवली आहे. दोघांनाही खिडकीतून नागरवाड्याचा रस्ता दिसतो. मोठा शोध नाही, पण उपयोगी पडतो.

आता थोडं कासवांविषयी, कारण सिनेमाचं नाव उगाच ठेवलेलं नाही.

कोकण किनाऱ्यावर येणारी कासवं बहुतांशी ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं ती कधीच पाहत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पूर्वी कुत्री, कोल्हे आणि माणसं ही अंडी फस्त करायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांच्या मदतीनं ती वाचवायला सुरुवात केली. वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव, हे या सभेत मी सांगायला नको. तिथल्या पद्धतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी : अंडी उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, तारीख लिहितात, राखण करतात. पण पिल्लं निघाली की त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूत ठेवतात. पुढची वाट त्यांनी चालायची. लोक दोन्ही बाजूंना उभे राहतात, कावळे-कुत्री हाकलतात, आणि हात मागे ठेवतात.

जानकी नेमकं हेच करते. आणि आपल्याला नेमकं हेच जमत नाही. आपण एक तर कुंपण घालत नाही, किंवा पिल्लू उचलून थेट समुद्रात टाकतो. मुलाला लग्न करून द्या, ठीक होईल. अमेरिकेला पाठवा, ठीक होईल. माझ्यासमोर अठ्ठावीस वर्षांचा मुलगा बसलेला असतो, मी त्याला विचारतो झोप लागते का, आणि उत्तर आई देते. ‘लागते हो, पण उशिरा.’ भूक? ‘अगदी कमी झालीय.’ मग मी आईंना बाहेर बसायला सांगतो. त्यांना वाईट वाटतं. मुलगा त्यानंतरही दहा मिनिटं बोलत नाही. मग बोलतो.

कासवाचं रूपक आपल्याला नवीन नाही. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला ओलांडून आपण आत जातो. गीतेतला स्थितप्रज्ञ कासवासारखा अवयव आत ओढून घेतो. आमच्या जैन आगमांत, ज्ञाताधर्मकथेत, दोन कासवांची कथा आहे. कोल्हे टपून बसलेले असतात. एक कासव उतावीळपणे एकेक पाय बाहेर काढतं आणि मारलं जातं. दुसरं धीर धरून आत राहतं, कोल्हे निघून गेले याची खात्री झाल्यावरच पाय काढतं आणि वाचतं. कथा संयमाची आहे, इंद्रियनिग्रहाची. पण दवाखान्यात बसून मला ती वेगळीही वाचावीशी वाटते. कवचात गेलेल्या माणसाला आपण म्हणतो, बाहेर ये. अरे, पण कोल्हे गेलेत का? की ते ओट्यावरच बसलेत, ‘मग पगार किती? मग लग्न कधी?’ असं विचारत? आपली संतपरंपरा कासवीचं आणखी एक रूप सांगते, पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवणारी आई. शास्त्र म्हणेल तसं काही नसतं. मान्य. पण नुसत्या नजरेनं सांभाळता येतं ही कल्पना ज्या भाषेत आहे त्या भाषेला जानकी समजावून सांगावी लागू नये.

सिनेमाशी माझं सगळंच पटतं असं नाही. जानकीकडे समुद्रासमोर घर आहे, गाडी आहे, हाताशी माणसं आहेत, वेळ आहे. नागरवाड्यात दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, तिथं कुणाला स्वतंत्र खोली द्यायची? तिथं सोबतीचं मौन गच्चीवर, जिन्याच्या पायरीवर, सूरसागरच्या कठड्यापाशी शोधावं लागतं. ते सापडतं, पण सिनेमात दिसतं तितकं सुंदर नसतं. दुसरं, अधिक गंभीर. मनगट कापलेल्या, तापात बरळणाऱ्या मुलाला किनाऱ्यावरच्या घरात नेऊन नुसत्या मायेनं सांभाळायचं हे सिनेमात शोभतं, प्रत्यक्षात असा धोका पत्करू नका. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. हे मी होमिओपॅथ म्हणून सांगतोय. माझ्यावर तुमचा विश्वास आहे म्हणून सांगतोय. जीव द्यायची भाषा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत माझ्या गोळ्यांवर विसंबू नका, कुणाच्याच गोड बोलण्यावर विसंबू नका. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही लागतो. हा आकडा फोनच्या मागे चिकटवून ठेवण्यात लाज नाही.

आणि न विचारण्याचं एवढं गुणगान केल्यावर एक प्रश्न मात्र विचारायचाच. सरळ, शांतपणे, शेजारी बसून : ‘तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का?’ पुष्कळांना वाटतं, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तो जात नाही. असला तर माणूस एकदम सैल पडतो, कारण एवढे दिवस तो एकटाच ते ओझं धरून होता. हा एक प्रश्न सोडून बाकीचे, म्हणजे का, केव्हापासून, कोणामुळे, लोक काय म्हणतील, हे सगळे थांबू शकतात. हानेमान यांनी हो-नाहीचे प्रश्न टाकू नका म्हटलं असलं, तरी या एका ठिकाणी मी त्यांचं ऐकत नाही. इथं हो की नाही एवढंच आधी कळायला हवं.

कायद्याचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे घरी गेल्यावर वाद नको. तो कायदा २०१८ मध्ये लागू झाला, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. पोलिसांच्या भीतीनं जखमी माणसाला रुग्णालयात न नेण्याचं कारण संपलं आहे. उरलंय ते शेजाऱ्यांचं.

सुमित्राबाई १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात गेल्या. त्यांचा ‘दिठी’ लोकांपर्यंत पोचला तो त्यानंतर महिन्याभरानं. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात बुडून गेलाय. रामजी जन्माचा वारकरी, पण आता त्याला विठ्ठलाचं नावही नको झालंय. ‘कासव’मध्ये यदू झालेले किशोर कदम इथं रामजी आहेत. सोबतीचे वारकरी जमतात, पोथी वाचतात, समजावतात. सगळं प्रेमानं, आणि सगळं शब्दांत. रामजीच्या आत काहीही शिरत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय. तेवढ्यात निरोप येतो : गाय अडली आहे, वासरू येत नाहीये, आणि गावात या कामाला रामजीएवढा जाणता हात दुसरा नाही. त्याच्या दुःखाविषयी कुणी एक शब्द काढत नाही. फक्त ये म्हणतात. आणि तो उठतो.